कोटीच्या बोलीमागची चढाई
धानोऱ्यासारख्या वनतालुक्यातून प्रो-कबड्डीच्या संघापर्यंतचा मार्ग कसा जातो?

प्रो-कबड्डी लीगचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत सर्वांत मोठा मथळा बहुधा एखाद्या चढाईपटूचा असतो. २०१४ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या लिलावात राकेश कुमारसाठी पाटणा पायरेट्सने मोजलेले १२ लाख ८० हजार रुपये कबड्डीच्या जगात डोळे विस्फारणारे ठरले होते. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, मोनू गोयतसाठी हरियाणा स्टीलर्सने दीड कोटीचा टप्पा ओलांडला. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने लावलेली बोली २ कोटी ६० लाखांच्या वर गेली. मातीत खेळल्या जाणाऱ्या, साहित्याचा खर्च जवळजवळ शून्य असलेल्या एका खेळाने दहा वर्षांत मारलेली ही मजल आहे.

या आकड्यांची बातमी आता गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या तालुक्यातही मोबाइलवर त्याच क्षणी पोहोचते. धानाची कापणी आटोपली, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया भरू लागल्या की पूर्व विदर्भात नाटके आणि शंकरपट यांच्या बरोबरीने कबड्डीचे सामनेही रंगतात. दिव्यांच्या उजेडात रात्र-रात्र चालणाऱ्या या सामन्यांत वेगवान पायांची आणि लांब हातांची मुले दिसत नाहीत असे नाही. प्रश्न असा आहे, की एखादा व्यावसायिक संघ होतकरू चढाईपटू निवडतो म्हणजे नेमके काय करतो आणि त्या निवडीची नजर धानोऱ्यापर्यंत कशी पोहोचणार?

चढाईपटूच का?

कबड्डीत सात जणांविरुद्ध एकटा जातो तो चढाईपटू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, चढाईसाठी वेळ अवघी ३० सेकंदांची. मध्यरेषा ओलांडल्यावर त्याने पावणेचार मीटरवरील निदान रेषा तरी गाठायची. त्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनसचा गुण मिळतो. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी 'करो वा मरो' ठरते. तीत गुण मिळवला नाही तर चढाईपटूच बाद होतो. उलट बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना त्यांनी त्याला पकडले तर एक जादा गुण मिळतो. म्हणजे प्रत्येक चढाईपूर्वी समोर किती जण आहेत, घड्याळ काय म्हणते, आपले किती गडी बाहेर बसले आहेत, हा हिशेब त्याला मनात मांडावा लागतो.

अमेरिकी फुटबॉलच्या चाहत्याला ही भूमिका चटकन समजेल. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर भिंत भेदून चालून जाणाऱ्या खेळाडूला 'पास रशर' म्हणतात. तो बचाव फळीचा असतो आणि कबड्डीतला चढाईपटू आक्रमक, एवढा फरक सोडला तर दोघांचे काम एकाच जातीचे: क्षणार्धात वाट शोधायची, अंगावर येणाऱ्यांना झुकांडी द्यायची आणि समोरच्याची घडी विस्कटायची. म्हणूनच दोन्ही खेळांत संघबांधणी सुरू झाली की अशा तरुणांचा शोध आधी घेतला जातो.

चढाईपटूंच्या तऱ्हा मात्र अनेक. कोणी धावत्या हाताने गडी टिपतो, कोणी पायाच्या अंगठ्याने, कोणी साखळीखालून डुबकी मारून निसटतो. प्रदीप नरवालची डुबकी, पवन सेहरावतची बचावपटूंवरून झेप, नवीन कुमारचा धावता हात या ओळखी प्रेक्षकांना पाठ आहेत. एका सामन्यात चढाईचे ३९ गुण मिळवण्याचा पराक्रम पवनने २०१९ मध्ये केला. एका हंगामात ३६९ गुणांचा डोंगर प्रदीपने २०१७ मध्ये रचला. अशा क्षमतेची चाहूल विशीच्या आतल्या मुलात ओळखणे, हे निवडकर्त्याचे खरे कसब.

दोन देश, दोन पद्धती

व्यावसायिक संघ तरुण खेळाडू मिळवतो तो मुख्यतः दोन मार्गांनी. अमेरिकेच्या 'एनएफएल'ची पद्धत ड्राफ्टची आहे. आधीच्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, विजेत्याची पाळी फेरीच्या शेवटी येते. ३२ संघ आणि सात फेऱ्या. तेथे नवोदितावर बोली लागत नाही. कोणत्या क्रमांकावर तो निवडला गेला त्यावर त्याचे पहिल्या कराराचे मानधन जवळजवळ ठरलेले असते. २०१७ मध्ये क्लीव्हलँडने सर्वांत पहिली निवड वापरली ती मायल्स गॅरेट या पास रशरसाठी. दुबळ्या संघाला उद्याचा उत्तम खेळाडू मिळावा आणि स्पर्धेत समतोल राहावा, हा या व्यवस्थेमागचा विचार आहे.

असा पहिला ड्राफ्ट १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक जगापुढे सादर केले. विदर्भाच्या मातीतून हा खेळ सातासमुद्रापार गेला. मात्र त्याला आशियाई क्रीडास्पर्धेत स्थान मिळायला १९९० चे बीजिंग उजाडावे लागले आणि व्यावसायिक बाजार मिळायला २०१४.

प्रो-कबड्डीने लिलावाची वाट धरली. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी ती पाच कोटी रुपये होती. खेळाडूंची चार गटांत विभागणी होते. त्या वर्षी मूळ किंमत 'अ' गटात ३० लाख, तर 'ड' गटात ९ लाख होती. आपला जुना खेळाडू दुसऱ्याने जिंकला तरी शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन त्याला परत घेण्याची सोय संघांना असते. या झगमगाटाच्या बाजूला एक शांत दार आहे, ते 'न्यू यंग प्लेअर' म्हणजे नव्या तरुण खेळाडूंचे. लीगमध्ये कधी न खेळलेल्या मुलांना संघ याच मार्गाने करारबद्ध करतात. तेथे कोटीची बोली नसते, वाहिन्यांचे कॅमेरेही नसतात. तरीही अलीकडचे कित्येक मोठे चढाईपटू याच दाराने आत आले. नवीन कुमार २०१८ मध्ये दबंग दिल्लीत असाच दाखल झाला आणि पुढल्याच वर्षी लीगचा सर्वांत मूल्यवान खेळाडू ठरला. पाटणा पायरेट्सचा अयान लोहचब २०२४ मध्ये नवा तरुण खेळाडू म्हणून उतरला आणि २०२५ च्या हंगामात चढाईचे तीनशेहून अधिक गुण घेऊन सर्वांच्या पुढे गेला.

हुंदळेवाडीची झेप

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दोन उदाहरणे या दोन्ही मार्गांचे स्वरूप स्पष्ट करतात. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका म्हणजे राज्याचे दक्षिण टोक. तेथील हुंदळेवाडी या खेड्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ च्या लिलावात आला तेव्हा लीगचा एकही सामना त्याच्या नावावर नव्हता. यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. उंचापुरा बांधा, लांब हात आणि पकडीतून खेचत मध्यरेषा गाठण्याची ताकद यांच्या बळावर त्याने पहिल्याच हंगामात २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. २०१९ चा तो सर्वांत महागडा खेळाडू ठरला.

येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. त्यापुढची कमी सांगितली जाते. टायटन्ससाठीही सिद्धार्थने दोनशेच्या पुढे गुण केले, पण संघ बारा जणांत अकरावा आला. नंतरच्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने त्याला काही सामन्यांनंतरच बाहेर बसवले. २०२२ मध्ये त्याचा भाव कोटीच्या खूप खाली घसरला. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा एक कोटी मोजले. चार-पाच वर्षांच्या आत एकाच खेळाडूच्या किमतीचा आलेख असा वर-खाली झाला. चढाईपटूचे भांडवल म्हणजे त्याचे खांदे आणि गुडघे, आणि प्रत्येक सामन्यात तीन-चार जण मिळून नेमके तेच धरून त्याला खाली ओढतात. बोली लावणारा संघ म्हणूनच मुलाच्या गुणांबरोबर त्याच्या शरीराचाही अंदाज घेत असतो.

टाकळीभानचा कर्णधार

दुसरा मार्ग संथ आहे. श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार गरिबीत वाढला. पुणेरी पलटणने त्याला तरुणपणीच हेरले आणि २०२१-२२ च्या आठव्या हंगामात मैदानात उतरवले. बोनसवर हुकमत, घाई न करता समोरच्याची चूक होण्याची वाट पाहण्याची सवय आणि बचावातही उपयोगी पडण्याची तयारी हे त्याचे गुण. संघाने त्याला पुढेही राखले, कर्णधार केले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे नमवून पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा हंगामाचा सर्वांत मूल्यवान खेळाडू अस्लमच होता. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात त्याच्यासोबत नाशिकचा आकाश शिंदेही होता.

या विजयाचा अर्थ नीट लावला पाहिजे. पुण्याने त्या वर्षी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले होते, हे खरे. पण चढाईचा भार एका महागड्या खांद्यावर न टाकता त्यांनी तो आपणच घडवलेल्या अस्लम, आकाश, पंकज मोहिते आणि मोहित गोयत यांच्यात वाटला. त्याच हंगामात लीगचा सर्वांत महाग चढाईपटू बाळगणारा तेलुगू टायटन्स तळाला राहिला. तयार तारा विकत घेण्यापेक्षा कोवळा खेळाडू शोधून त्याच्यावर तीन-चार वर्षे मेहनत घेणे संघाला फलदायी ठरू शकते, हे या दोन टोकांनी दाखवले.

मात्र हेरण्यासाठी खेळाडू आधी कोणाच्या तरी नजरेसमोर यावा लागतो. टाकळीभान काय किंवा हुंदळेवाडी काय, ही खेडी असली तरी त्यांच्या भोवती कबड्डीची जुनी वीण आहे: तालुक्याच्या ठिकाणी मंडळे, वर्षभर चालणाऱ्या निमंत्रित स्पर्धा, हाकेच्या अंतरावर जिल्हा संघटना आणि पुण्या-मुंबईत नोकरी देणारे व्यावसायिक संघ. धानोऱ्याचा विचार करायचा तो येथून.

धानोऱ्याची शिडी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित. जिल्ह्याच्या ठिकाणापासून पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा लागते. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेने देशभर गाजलेले मेंढा-लेखा याच तालुक्यातले. आणि याच तालुक्यातील कटेझरी गावात एसटीची पहिली बस पोहोचली ती एप्रिल २०२५ मध्ये. ज्या गावातून सकाळी निघून तालुक्याच्या स्पर्धेला वेळेवर पोहोचण्याची शाश्वती कालपरवापर्यंत नव्हती, तेथील मुलाला पुण्यातील निवड चाचणी किती दूर असेल, हे वेगळे सांगायला नको.

तरीही शिडीच नाही असे म्हणता येणार नाही. पहिली पायरी शाळेची. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या क्रमाने होतात. गडचिरोलीचा विभाग नागपूर. दुसरी पायरी आश्रमशाळांची. आदिवासी विकास विभागाच्या क्रीडास्पर्धांत प्रकल्पापासून राज्यापर्यंत मुले-मुली खेळतात. तिसरी पायरी पोलिसांची. नक्षलग्रस्त भागातील तरुणांशी संवाद राखण्यासाठी गडचिरोली पोलीस दल कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवत आले आहे आणि त्यांत दुर्गम गावांचे संघ उतरतात. चौथी पायरी संघटनेची. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राप्रमाणेच विदर्भाचा स्वतंत्र संघ दीर्घकाळ उतरत आला आहे. म्हणजे गडचिरोलीच्या खेळाडूला राष्ट्रीय मैदान गाठण्यासाठी मुंबई, पुणे, कोल्हापूर, सांगलीच्या खेळाडूंना मागे टाकून महाराष्ट्राच्या संघात शिरण्याची गरज नाही. ही जमेची बाजू फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

अडचण आहे ती पायऱ्यांमधील अंतराची. पहिली गोष्ट मॅटची. राष्ट्रीय सामने आणि लीग मॅटवर, बूट घालून खेळले जातात. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याच्या पायाला सरकण्याची सवय असते. मॅट पाय धरून ठेवते. वळण्याचा वेग, डुबकीनंतरची घसरण, गुडघ्यावर येणारा ताण, सारेच बदलते. ज्याला मॅट पहिल्यांदा निवड चाचणीच्या दिवशी दिसते, त्याचा निम्मा खेळ तेथेच हरवतो. दुसरी गोष्ट सातत्याची. मंडईतील स्पर्धा दोन-तीन महिन्यांच्या. नंतर शेती, तेंदूपाने, मजुरी. चढाईपटूचा अंदाज मात्र वेगवेगळ्या बचावफळ्यांविरुद्ध शेकडो चढाया केल्यावरच पक्का होतो. तिसरी गोष्ट नोंदीची. लीगचे संघ आज प्रत्येक चढाईचे चित्रण तपासतात: यशाचे प्रमाण किती, करो वा मरो चढाईत काय केले, डाव्या कोपऱ्याकडून किती वेळा पकडला गेला. ज्याचा खेळ कधी चित्रित झालाच नाही, तो या तराजूत बसतच नाही.

अमेरिकेत ही दरी महाविद्यालये भरून काढतात. तेथील नवोदित किमान तीन वर्षे शाळेबाहेर काढूनच ड्राफ्टला पात्र होतो. तोवर त्याचे शेकडो डाव चित्रित झालेले असतात, त्याची धाव आणि उडी सर्व संघांसमोर मोजली जाते. म्हणजे ड्राफ्टचा दिवस हा एका लांब व्यवस्थेचा शेवटचा तास असतो. आपल्याकडे लिलावाचा तास दूरचित्रवाणीवर दिसतो, त्याआधीची व्यवस्था मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत असमान आहे.

सीमेपलीकडचा धडा

ही दरी भरता येते, याचा पुरावा धानोऱ्याच्या सीमेपलीकडच्या राज्यानेच दिला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात झालेला महिलांचा विश्वचषक भारताने अंतिम सामन्यात चिनी तैपेईला ३५-२८ असे हरवून राखला. त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातील एका खेड्यातली चढाईपटू संजू देवी. तिला घडवले बिलासपूरच्या बहतराई येथील शासकीय निवासी अकादमीने. राहण्याची सोय, रोजचा सराव, मॅट, प्रशिक्षक आणि पोटभर आहार एवढ्याच गोष्टी तेथे एकत्र आल्या. कोरबाही कोळशाचा आणि जंगलाचा जिल्हा. गडचिरोली-चंद्रपूरशी त्याचे साम्य थोडेथोडके नाही.

संजू देवीच्या यशात आणखी एक मुद्दा दडला आहे. महिलांसाठी पुरुषांच्या तोडीची स्थिर लीग अद्याप उभी राहिलेली नाही. त्यामुळे मुलींच्या बाबतीत लिलावाचे आमिष जवळजवळ नसतानाही केवळ चांगली अकादमी जागतिक दर्जाची चढाईपटू देऊ शकते. आश्रमशाळांच्या स्पर्धांत उतरणाऱ्या धानोऱ्याच्या मुलींसाठी ही गोष्ट मुलांइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची.

भाव आणि भरवसा

शेवटी प्रश्न उरतो तो भरवशाचा. प्रदीप नरवालच्या नावावर लीगमध्ये चढाईचे १८०१ गुण आहेत. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले होते. २०२५ च्या लिलावात मात्र त्याच्यावर कोणीही बोली लावली नाही आणि वयाच्या तिशीच्या आतच त्याने निवृत्ती जाहीर केली. सर्वकालीन विक्रमवीराची ही कथा असेल, तर एखाद्या हंगामात चार-सहा सामने खेळून बाहेर पडणाऱ्या नवोदितांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. लीगचा करार ही नोकरी नव्हे, हे पालकांना आणि गावातील प्रशिक्षकांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

म्हणूनच वनतालुक्यातील मुलासाठी कबड्डीचे खरे मोल कोटीच्या बोलीत मोजणे योग्य नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सेनादल यांनी कबड्डीपटूंना वर्षानुवर्षे आधार दिला आहे. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचलेल्या मुलाला लीगने निवडले नाही तरी त्या प्रमाणपत्राने घर उभे राहू शकते. लीगने निवडलेच, तर तो वरचा कळस. पाया मात्र नोकरीचा आणि शिक्षणाचाच हवा.

लिलावात हात वर करणारा संघमालक केवळ शेवटची निवड करतो. पहिली निवड त्याच्या कितीतरी आधी शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा असलेला शिक्षक करतो. दुसरी, त्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेणारी बस. तिसरी, तेथे अंथरलेली मॅट. धानोऱ्याला एखादा चढाईपटू कोटीला विकला जाण्याची वाट पाहण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी वर्षभर अंथरलेली एक मॅट, एक प्रशिक्षक आणि वसतिगृहातील काही खाटा अधिक लवकर पुढे नेतील. एकट्याने सात जणांत शिरायचे धाडस तेथील मुलांत आहे. मध्यरेषेपर्यंत परत येण्यासाठी लागणारी तयारी त्यांना उपलब्ध करून देणे, हे मात्र त्यांच्या एकट्याचे काम नाही.